तिरकं टोक खाली

बाबा,

चहा ठेवण्याआधी हे वाचा. आईच्या जास्वंदीची एकच फांदी हिरवी उरली होती. तिचे तुकडे तुम्ही आईसारखेच तिरके कापलेत, पण तिरकं टोक वर ठेवून खोचलेत! ते मातीत जातं. मी सगळे सरळ करून कुंडीवर पिशवी झाकलीय. मुळं फुटली का बघायला रोज उपटू नका हो. पानं गळली तर नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं की फांदी जिवंत.

दवाखान्याच्या धावपळीत झाडाकडे कोण बघणार होतं? आई गेली, मागोमाग तेही वाळलं. काल त्याची साल खरवडून बघायला अंगणात गेले, तर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तुमच्या नखांच्या खुणा होत्या.