शुक्रवारचे सात लेख आणि मेतोदीचा पत्ता

मी, रादोस्वेता तानेवा, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, राहणार प्लोवदिव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वहस्ते लिहीत आहे. दार आतून लावले आहे.

१. दोन खोल्यांचे घर बहीण त्सोन्का हिला. माझ्या दोन रजया तिने आधीच नेल्या आहेत. विचारले तर म्हणते, "कसल्या रजया गं?"

२. आठवडाभर इंटरनेटवर वेचलेले सात लेख मी दर शुक्रवारी एकशे चाळीस वाचकांना ईमेलने पाठवते. अकरा वर्षांत एकही शुक्रवार चुकला नाही. हीच माझी खरी मालमत्ता, आणि तिच्यावर अनेकांचा डोळा आहे. भाचा क्रास्तान तिच्यात जाहिराती घुसडेल. वाचकांची यादी त्याच्या हाती लागू देऊ नये.

३. शेजारी झिवको, माझ्या दिवंगत नवऱ्याचा मित्र. यादीत नाव नसताना हा गृहस्थ दर शनिवारी अंगणातल्या बाकावर माझेच लेख ऐटीत सांगे. घरभेदी शोधायला मी मार्चमध्ये सापळा लावला. सातवा लेख प्रत्येक संशयिताला वेगळा पाठवला: त्सोन्काला मधमाश्यांचा, क्रास्तानला दीपगृहांचा. नवरा मेतोदी जाऊन चार वर्षे झाली, तरी त्याच्या ईमेलच्या पत्त्यावर मी शुक्रवारचे पत्र पाठवतेच. ते उघडल्याची खूणही दर शुक्रवारी येते. यंत्राची चूक असेल, असे मी म्हणे. खरे तर मला खोलात जायचेच नव्हते. त्याला खारट आवडे, म्हणून मिठाच्या खाणींचा लेख त्याला एकट्याला पाठवला.

शनिवारी झिवको म्हणाला, "वहिनी, मिठाच्या खाणीत घोडे जन्मभर राहायचे, ठाऊक आहे?"

मी त्याची गचांडीच धरली. "भावजी, मेलेल्या माणसाची पत्रं फोडता? लाज कशी वाटत नाही?"

"त्यानंच हॉस्पिटलात पासवर्ड दिला हो! म्हणाला, 'दर शुक्रवारी उघड. कुणी उघडत नाही असं दिसलं, तर ती लिहायची थांबेल.' नुसतं उघडायचं होतं, वहिनी. वाचायची चटक मला नंतर लागली."

तीन आठवडे मी त्याच्याशी बोलले नाही. रडले मात्र पुष्कळ.

४. सबब यादी व संगणक झिवकोस. विश्वास अजून पुरता बसलेला नाही. प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचूनच त्याने पाठवावा, आणि वाचला की नाही ते त्सोन्काने त्याला प्रश्न विचारून तपासावे.

५. मेतोदीचा पत्ता यादीतून काढू नये. त्याखाली माझा राहू द्यावा. दोन्ही पत्रे दर शुक्रवारी उघडली जावीत. माझा पासवर्ड सोबतच्या बंद पाकिटात आहे. पाकीट आधीच फोडलेले आढळल्यास त्सोन्काला विचारावे.

साक्षीदार: बॉयका इलिएवा, औषधविक्रेत्या (वाचू नका सांगूनही सगळे वाचले), प्लामेन दोचेव, वाचक.

सही: रादोस्वेता तानेवा
प्लोवदिव, शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०२३. आजचे पत्र सकाळीच गेले. मेतोदीचे उघडले आहे.