कोकोला लावलेलं वळण

रविवार, ३ मार्च

आज सकाळी मी मांजरीपुढे गुडघे टेकले. चर्चला जायच्या पांढऱ्या कपड्यांत, भर अंगणात! पाळकांच्या घरी पोचवायच्या ताटातला भाजलेला मासा कोकोने घराच्या फळ्यांखाली नेला होता आणि मी हात घालून शेपटी ओढत होतो. माशाची.

एक बाजू शाबूत होती. ती वर करून मासा पुन्हा ताटात मांडला, शेजारी नीरफणस, वरून अळूची पानं. माझी बायको सेलुइया म्हणाली, "पेनी, हे पाप आहे." मी म्हणालो, "पाळक एकाच बाजूने खातात."

दुपारी पाळकबाईंनी मासा उलटला.

सोमवार, ४ मार्च

पाळकबाई स्वतः आल्या. बसल्या नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर.

"पेनिअमिना, गावातली सगळीच मांजरं चोर आहेत. पण देवाच्या माणसाच्या ताटाला तोंड लावणारी तुझी एकटीच. पुन्हा काही केलं तर ती वर मळ्यावर जाईल."

वर मळ्यावर रानटी कुत्रे आहेत. त्यांना ठाऊक आहे, मलाही.

एरवी मी म्हणालो असतो, न्या. पण कोको फेरेतीची आहे. दोन वर्षांपूर्वी हा माझा मुलगा घर सोडून राजधानीत, आपियाला गेला, तिथे जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागला. दर रविवारी संध्याकाळी आईला फोन करतो. कोको काय खाते, कुठे झोपते, खरूज तर नाही ना! माझं नाव काढत नाही. मी जवळच बसून जाळं दुरुस्त करतो. एवढ्या वेळात एक भोकही बुजत नाही.

मांजर गेली तर तो फोन कशासाठी करेल?

मंगळवार, ५ मार्च

सेलुइयाने रविवारची वाट न बघता त्याला फोन लावला. आवाज मोठा करून मधे ठेवला.

"त्याला सांग, मांजरीवर ओरडायचं नाही," फेरेती म्हणाला.

"तो म्हणतो, ओरडायचं नाही," सेलुइयाने मला सांगितलं. मी हातभर अंतरावर होतो.

"त्याला सांग, मी ओरडत नाही!"

"ऐकू आलं," फोन म्हणाला.

शिकवणी अशी. आधी तिला जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. भरल्या पोटी ती ताटाकडे वळणार नाही. अन्न उघडं टाकायचं नाही. एक आवाज ठरवायचा, आवाज झाला की लगेच घास द्यायचा, तीन मोजायच्या आत. असं रोज. मग त्या आवाजाला ती तोंडातलं सोडून धावत येईल.

"आणि त्याला सांग, हात उगारायचा नाही. कधीच."

हे सेलुइयाने मला सांगितलं नाही. अळकुड्या सोलायला बसली.

बुधवार, ६ मार्च

आमच्यात आधी पाळक जेवतात, मग पाहुणे, मग वडीलधारे, मग मुलं, मग कुत्रा. यात मांजरीला कुठे बसवायचं? सेलुइया म्हणाली, "तुझ्या आधी. तशीही ती तिथेच आहे."

बसवली. डब्यातला मासा खाल्ला, मिशा पुसल्या, आणि मी जेवताना माझ्या अळकुडीवर पाय ठेवून उभी राहिली. ओरडलो नाही. घशाशी आलं होतं, स्तोत्र म्हणून गिळलं.

गुरुवार, ७ मार्च

चमच्याने ताटली वाजवली. शेजाऱ्यांची चार डुकरं आली. कोको नाही.

रविवार, १० मार्च

कोकोला मोठ्या टोपलीखाली झाकून चर्चला गेलो. पाळकांचं ताट सुखरूप पोचलं. परत आलो तर टोपली अंगणभर फिरत होती.

संध्याकाळच्या फोनवर सेलुइयाने डुकरांची गोष्ट सांगितली. फेरेती हसला. त्याचं हसू मी दोन वर्षांनी ऐकलं. आधी आतल्या आत, मग एकदम फुटतं. मी जाळं उलटं धरलं होतं.

सोमवार, ११ मार्च

सापडलं! आणि तेही प्रार्थनेत.

अकरा वर्षं गावाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा मी देतो. घंटा म्हणजे चर्चजवळच्या झाडाला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर. लोखंडी कांबीने ठोकला की डोंगरापर्यंत ऐकू जातं. याहून ठरलेला आवाज कुठे मिळणार?

संध्याकाळी कोकोला काखेत घेऊन गेलो. शर्टाच्या खिशात माशाचा तुकडा. ठोका, घास. ठोका, घास. पहिल्या ठोक्याला तिने माझ्या खांद्यावर नखं रोवली. तिसऱ्याला खिशात तोंड घातलं.

गुरुवार, १४ मार्च

आज तिला न्यावं लागलं नाही. पहिला ठोका पडला आणि काळी शेपटी कुंपणावरून येताना दिसली. अकरा वर्षांत त्या आवाजावर इतक्या वेळेवर कुणी आलेलं नाही.

म्हातारे तोमासी चर्चच्या पायरीवर बसून बघत होते. "पेनी, तुझ्या घंटेने एक तरी जीव मार्गाला लागला," म्हणाले.

चार दिवसांत चोरी नाही. अभिमान वाटला. प्रार्थनेत देवाकडे त्याबद्दल क्षमा मागितली, पण अर्धीच.

रविवार, १७ मार्च

लिहायलाच लाज वाटते. रविवारच्या उपासनेची घंटाही मीच देतो. त्याच सिलिंडरवर. हे माझ्या डोक्यात आलंच नाही!

कोकोला टोपलीखाली ठेवलं नव्हतं. वळण लागलं म्हणून. तीन ठोके दिले, आत जाऊन पुढच्या बाकावर बसलो. पाळकांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांच्या माना खाली. माझ्या पोटरीवर काहीतरी चढलं.

लुंगीवरून मांडीवर, मांडीवरून छातीवर. कोटाचा खिसा हुंगला. रिकामा. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जाब विचारला. मोठ्याने. पाळक "हे प्रभो" म्हणून थांबले की ती बोलायची. शेजारी तोमासींनी डोळे न उघडता "आमेन" म्हटलं. मागच्या बायकांचे पंखे थरथरायला लागले.

माझा उजवा हात वर गेला.

पंखे थांबले. कुणी हसेना. याच बाकावर, प्रार्थनेत हसला म्हणून, मी फेरेतीच्या कानाखाली मारली होती. बावीस वर्षांचा होता. सगळं गाव मागे बसलेलं. संध्याकाळच्या बोटीने तो गेला. आज मागे तेच गाव होतं, आणि तोच हात.

कोको दचकली नाही. तिला उगारलेला हात म्हणजे काय ते माहीतच नाही. तिने मान लांब करून तळव्याला डोकं घासलं.

हात खाली घेतला. मग कुठे ठेवावा कळेना.

बाहेर पाळकबाई म्हणाल्या, "मळ्यावर. उद्या."

"मांजर फेरेतीची आहे. त्याला विचारल्याशिवाय नाही."

दोन वर्षांपूर्वी पाळकबाईही मागेच बसल्या होत्या. "मग विचार," म्हणाल्या. "शनिवारपर्यंत."

संध्याकाळी फोन वाजला. सेलुइयाने तो माझ्या मांडीवर ठेवला. "मी आता कुणाचे निरोप पोचवणार नाही," म्हणाली आणि अंगणात गेली.

"आई? आई, ऐकू येतंय का?"

मी म्हणालो, "कोको बरी आहे."

मग तो म्हणाला, "बरं." आणि बंद.

दोन वर्षांत दोघांचे मिळून चार शब्द. मळ्याचं विचारायचं राहिलंच.

सोमवार, १८ मार्च

मांजर चुकली तर काय करायचं ते सगळं त्याने सांगितलं होतं. शिकवणारा चुकला तर काय, हे मी कधी विचारलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

घंटा दिली. कोको आली. घास दिला. तिची काय चूक?

बुधवार, २० मार्च

सेलुइयाकडे पेटीतली चटई मागितली. तिच्या आईने विणलेली, रेशमासारखी मऊ.

"कुणाचं लग्न?"

"लग्न नाही. आपियाला जातोय. फेरेतीकडे."

तिला कळलं. अळकुडी तशीच हातात राहिली. "पेनी, खून केलेली माणसं चटई डोक्यावर घेऊन मेलेल्याच्या घरच्यांच्या दारात बसतात. त्यांनी ती उचलली की माफी. बाप मुलाच्या दारात बसलेला मी ऐकला नाही."

"मीही नाही."

"लोक हसतील. चर्चचा डीकन, पाळकांचा मदतनीस होणार होतास तू या वर्षी."

"हसू देत."

"आणि त्याने चटई उचललीच नाही तर? संध्याकाळपर्यंत उन्हात बसशील?"

मी पेटी तिच्यापुढे ओढली. तिने पेटी उघडली. चटई झटकली, उन्हात धरली, घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. मग टोपली आणून कोकोसाठी आत माझा जुना शर्ट अंथरला.

शुक्रवार, २२ मार्च. आपिया

काल शेवटच्या बोटीने आलो. आज उजाडताना त्याच्या खोलीसमोर रस्त्यावर बसलो. चटईखाली मी, मांडीवर कोको. काय बोलायचं ते बोटीवर पाठ केलं होतं. दार वाजलं, त्याची अनवाणी पावलं दिसली, आणि मला एकही शब्द आठवेना. कोकोने मात्र हाक मारली. चटई त्याने उचलली.