काढून टाकलेला हेल

गुरुजी,

टक, टकटक, टक. खडूच्या पत्र्याच्या डब्यावर तुमच्या अंगठीचा तो ठेका अजून कानात आहे. सीमेवरच्या आपल्या गावातली चौथीची खोली, खिडकीबाहेर ज्वारी, आणि तुम्ही स्वतः रचलेली बुजगावण्याची कविता आमच्याकडून म्हणून घेताय. प्रत्येक ओळीचा शेवट तुम्ही लांबवत वर उचलता, आपल्याकडच्या बायका शेताच्या पलीकडून हाक मारतात तसा. आम्हाला वाटायचं, कविता म्हणायची ती अशीच. मग एकदा तपासणीला साहेब आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, मुलं कानडी हेल काढतात. तुमच्याकडूनच उचललाय." तुम्ही डबा खाली ठेवलात. "साहेब, पोरं ह्या मातीतनं चालत येत्यात. पायाला हीच लागणार की." साहेब हसले. त्यांचं बघून मीही हसलो. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि डबा पुन्हा उचललात.

आता मी कानडी मुलखातल्या मोठ्या शहरात, सर्जापूर रोडवर मुलाकडं राहतो, अकराव्या मजल्यावर. इथली मराठी मंडळी बहुतेक पुण्या-मुंबईची. गणपतीत मी कविता म्हटली की कुणीतरी हमखास विचारतं, "काका, तुम्ही बेळगाव साइडचे ना? टोनवरून कळतं." त्यात वाईट हेतू नसतो. तरी मी तो टोन गिळायला शिकलो. भाजीवाल्या कानडी अक्कापाशी तेवढी जीभ सैल सुटते.

खालच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी राहते. लहान मुलांसाठी बोलकी पुस्तकं करते. चित्रं काढणारा कोलकात्यात, संगीत देणारी चेन्नईत, ही इथं. एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, पण एकाच पडद्यावर एकानं रेघ ओढली की दुसरी तिला सूर लावते. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी जमलो होतो ना, त्या दिवशी तुम्ही आमच्याबरोबर बुजगावण्याची कविता म्हटलीत, त्याची कॅसेट मी तिला पुस्तकासाठी दिली. तुमची मुलगी ह्याच शहरात जयनगरला असते, तुमच्या माघारी तिनंच आनंदानं परवानगीची सही दिली. यंत्रानं खरखर बाजूला केली आणि तुम्ही एकदम खोलीत आलात. मध्येच मला थांबवताय, तिशीतल्या बाप्याला: "स्वल्प थांब रे, ओळीला श्वास घेऊ दे."

"काका, सरांचा टोन कसला क्यूट आहे!" ती मुलगी म्हणाली. "असाच ठेवू ना? की न्यूट्रल करू? मशीन दोन्ही करतं."

"काढ," मी म्हणालो. "पुण्याची पोरं हसतील."

"अहो, पण काका, मजा तर त्यातच..."

"काढ म्हटलं ना. शुद्ध असू दे."

माझा चहा निवायच्या आत तिनं काढला. आवाज तुमचाच, गुरुजी, पण बातम्या सांगणाऱ्याचा वाटतो. तुमचं कानडी वळणाचं 'स्वल्प थांब'सुद्धा गेलं. दोन्ही तिनं माझ्या फोनवर पाठवलेत. म्हणाली, "आज संध्याकाळी फायनल जाईल. तोवर विचार बदलला तर सांगा."

सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसलोय. तिला काय सांगू? की साहेब जे म्हणाले ते मी आयुष्यभर खरं मानलं? नातीच्या वयाची पोर ती, तिला तुमचा हेल आवडला. लाज मला वाटत होती, आणि मी ती पुण्याच्या पोरांच्या नावावर टाकली. यंत्राला दोष द्यायचीही सोय नाही. दोन्ही वाटा समोर ठेवून मला विचारलं होतं.

बेल वाजतेय. पाहून येतो.

गुरुजी, दारात तुमची मुलगी होती. गुडघ्यावर हात ठेवून, धापा टाकत. जयनगरहून एकटीच ऑटोनं आलीय. "संध्याकाळी जातंय म्हणं ते, त्या पोरीनं कळवलं. त्याच्या आदी म्हटलं आपण ऐकावं अप्पांना. सरी, बरं, लाव की रे, बघत काय उभारलायस?" प्रत्येक वाक्याचा शेवट वर उचललेला. चष्मा आणतो असं सांगून मी आत आलोय आणि उभ्यानंच हे लिहितोय. त्या मुलीला आत्ताच फोन केला: जसे आहेत तसेच जाऊ देत गुरुजी.

पण तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? तुमची लेक आली नसती, तर मी तो फोन केला नसता.