पडलेला वारा आणि बाबांचं इंजिन

१२ जुलै
डिझेल बंद! आठवडाभर अख्खं बेट पवनचक्क्यांवर आणि डोंगरावरच्या तळ्यावर चालवून दाखवायचंय. वारा असला की चक्क्या पाणी वर चढवणार, वारा पडला की तेच पाणी खाली येऊन वीज देणार. जमलं तर डिझेल केंद्राला कायमचं कुलूप, आणि ते चालवणाऱ्या माझ्या बाबांनाही. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. जेवण सोडलेलं नाही.

१४ जुलै
वारा सुसाट. तळं काठोकाठ. मी हवेत!
बोटी मात्र बंद. तीन दिवसांवर आमच्या बेटाच्या देवीची, आगिया मरीनाची जत्रा, पाहुणे पलीकडच्या बंदरात अडकलेत. खानावळवाली एव्दोकिया भर रस्त्यात – "तुझ्या चक्क्यांची चैन आहे गं! एवढे बोकड कापलेत, मी एकटी खाऊ?"

१५ जुलै
वारा पडावा म्हणून आमच्या पाद्रीने, पापा-स्टमाटिसने गाव जमवून प्रार्थना केली. वाऱ्याने दाढी तोंडात जात होती, तरी गडी थांबला नाही. बाबांनी सगळ्यांत जाड मेणबत्ती लावली – माझ्याकडे बघत!

१६ जुलै
मरीनाबाई पावली. पान हलत नाही. बोटी आल्या, आणि प्रत्येक पाहुण्याने चपला काढायच्या आधी एसी लावला.

१७ जुलै
जत्रा. तळं खाली, खाली. दुपारी माझा धीर सुटला. सरळ बाबांकडे गेले. "इंजिन सुरू करा. हरले मी."
हात पुसत म्हणाले, "होत नाही. डिझेलचा पंप गेलाय. नवा अथेन्सहून येईल तेव्हा."
"नेमका आजच?"
"यंत्राला जत्रा कळते होय?"
मग काय! नाचणाऱ्यांच्या मधोमध उभी राहून बोंबलले – एसी बंद करा, नाहीतर बर्फही नाही आणि गाणीही नाहीत! एव्दोकिया म्हणाली, "आमची देवी पावली, तुझ्या तळ्याला काय रोग झाला?" पण पहिलं बटण तिनेच बंद केलं. बोकड खात सगळं गाव घामाने निथळलं. मला शिव्या घालत.

१८ जुलै
वारा आला!! तळ्यात गुडघाभर पाणी उरलं होतं.

१९ जुलै
पास. केंद्र बंद करायचं ठरलं. बाबांना सांगितलं. "बरं झालं" म्हणाले आणि भात आणखी वाढून घेतला. मला वाईट वाटलं, फार.

२१ जुलै
कुलूप लावण्याआधी केंद्रात गेले. नवा पंप अजून आलेला नाही. सहज कळ फिरवली.
इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.