केसभर सरकलेलं हेड

दादा,

जुन्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस, आईची आठवी फ्लॉपी अजून कॉपी होतेय. दोष केबलचा नव्हता. ड्राइव्हचं फ्लॉपी वाचणारं-लिहिणारं हेड पहिल्यापासून केसभर सरकलेलं होतं आणि आईने सगळं त्याच ड्राइव्हवर लिहिलं. परवा तू ते नीट जागेवर बसवलंस, म्हणून तिचं काही वाचता येईना. मी स्क्रू पुन्हा तेवढाच चुकीचा फिरवला, तेव्हा तिची पानं उघडली.

काल तुला नाही नाही ते बोलले. चुकलंच माझं. रात्रभर वाकून बसल्याने मान अवघडून गेलीय, पण बाबा शुद्धीवर आहेत तोवर सात फ्लॉपींमधलं छापून त्यांना वाचून दाखवायला दवाखान्यात जाते.

नववीवर तुझं नाव आहे, ती तूच लाव. स्क्रूड्रायव्हर मात्र मी बरोबर नेतेय.

छोटी