पुढची सीट

औंढा नागनाथ
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शीतलला आक्काचा जयभीम आणि अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण तुझी गाडी. दुसरं काही कारण असतं तर फोन केला असता. पण परवा तुझी स्टेटसं बघता बघता मी तुला ब्लॉक करून टाकलं. गाडी पुढून, गाडी मागून, गाडीला हार, गाडीला टेकलेली तू, गाडीच्या काचेत दिसणारी तू. ब्लॉक केल्यावर आठवलं की अभिनंदन करायचं राहूनच गेलं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, आणि आमच्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटं पडून पडून पिवळी झालीत. तेव्हा हे पत्र. अभिनंदन.

आता जरा खरं लिहिते. ती राखी रंगाची गाडी माझ्या डोळ्यांसमोर जुनी झालेली आहे. समोरच्या हेडमास्तरीणबाईंनी ती नवी आणली तेव्हा पेढा मीच खाल्ला होता. बाई तिला चादर पांघरायच्या, पावसात बाहेर काढायच्या नाहीत. बाई रिटायर होऊन लेकाकडे निघाल्या, गाडी विकून राहिल्या, अशी सांभाळलेली जुनी गाडी शोधून मिळत नाही, हे दिवाळीत तुला कोणी सांगितलं? मीच. मी माझं मन मोकळं केलं आणि तू त्याची जाहिरात समजलीस. तुझे दाजी रोज संध्याकाळी त्या गाडीला फेरी मारायचे, टायरला चपलेने ठोकायचे आणि घरी येऊन म्हणायचे, बघू. त्यांचं बघणं चालूच होतं आणि तू घेऊन गेलीस. लहानपणी माझ्या मुठीतली चिंच तू अशीच न्यायचीस.

कनेरगाव नाक्याहून मायचा फोन आला होता. शीतलच्या गाडीत म्हणे हवा गार लागते. मी म्हटलं, इतकी वर्षं मी तुला एसटीने आणते-नेते, तेव्हा काय चुलीपुढे बसवते का? तर म्हणाली, तुझ्यासंगं धक्के लय लागतात. मी फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. गाडीच्या बाहेर तू सगळीकडे आहेस, आत कुठेच नाहीस. पुढच्या सीटवर दरवेळी तुझ्या सासूबाई. गोजरबाईंची ओटी भरून गाडी घेतलीस का? काहून असं, ते कळव.

लोभ आहेच, सध्या थोडा आंबलाय.

तुझी आक्का,
मिना


आखाडा बाळापूर
दि. २१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आक्कास शीतलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने दवाखान्यात आणून दिलं. बाकीच्या सिस्टर विचारायला लागल्या, कोर्टाची नोटीस आली का. वाचून झाल्यावर मला वाटलं, नोटिशीची भाषा तरी बरी असती.

ती गाडी तुझ्या मनात होती हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण तुझ्या मनात लय गोष्टी असतात आणि दाजींच्या मनात एकच, बघू. तुमच्या दोघांच्या भरवशावर ती गाडी तिथंच गंजली असती. मी माझ्या पगारावर घेतली. जीव जळत असेल तर पाणी पी.

पुढच्या सीटचं विचारलंस. आत्याबाईंना मागं बसलं की गाडी लागते. मळमळतं, डोकं गरगरतं, सगळं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागं बसून वऱ्हाडाला जातात तेव्हा काही होत नाही, पण ते बोलायचं कोणी? हे म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला पुढं बसू दे, तुला काय तकलीफ आहे. मला तकलीफ काहीच नाही. मी मागं बाजाराच्या पिशव्या आणि गॅसच्या टाकीच्या मध्ये बसते. कळमनुरी येईपर्यंत मला फक्त आत्याबाईंचा अंबाडा दिसतो. गाडीच्या कागदावर नाव माझं, हार मी घातला, हप्ता मी भरते, आणि सगळं बाळापूर म्हणतं, भीमराजनं गाडी घेतली. परवा हे पण तसंच सांगून राहिले होते कोणाला तरी. मी मागंच बसलेली होते.

आणि जळायचीच गोष्ट निघाली तर मला पण येतं जळायला. आबांनी आपली काळीपिवळी जीप चालवायला शिकवली ती तुला. पाशिंजर उतरले की रिकाम्या जीपमध्ये तू स्टिअरिंगवर आणि मी मागं स्टेपनीवर. ढाब्यावरचा चहाचा भरलेला कप आबा पुढं डॅशबोर्डवर ठेवायचे. म्हणायचे, माझ्या शर्टावर सांडला तर शर्ट तू धुवायचा. मला वाटायचं, मला पण असा एक शर्ट धुवायला मिळावा. मी मागितलं तर म्हणाले, तू लहान आहेस, थांब. मी थांबले. मी मोठी झाले तोवर जीप विकली होती, आणि मग आबाच गेले. त्याच्याबद्दल मी कधी तुला ब्लॉक केलं का?

लोभ कमी करू नये, फोटो मी कमी करते.

तुझी,
शीतल


औंढा नागनाथ
दि. २ डिसेंबर २०२४

चि. शीतलला जयभीम, आणि आशीर्वाद मागच्याच पत्रातले चालवून घे.

पत्र दोनदा वाचलं. अंबाड्याचं वाक्य तुझ्या दाजींना वाचून दाखवलं, ते इतके हसले की गिऱ्हाईक परत गेलं. नंतर मी विचारलं की आपण घेतली असती तर मी कुठे बसले असते? तर म्हणाले, बघू.

शर्टाचं मात्र मला माहीत नव्हतं. तू मागे स्टेपनीवर पेंगतेस असं मी समजायचे. पण लक्षात ठेव, आबांच्या शर्टावर एक डाग पडला नाही. नाक्यापासून फाट्यापर्यंत तो खड्ड्यांचा रस्ता, आणि एक डाग नाही. हे मी तुझ्या आजच्या गाडीसमोर मुद्दाम लिहून राहिले आहे.

तर मग हिशोब असा. माझ्याकडे लायसन आहे, गाडी नाही. लायसन वेळच्या वेळी रिन्यू करते आणि त्याच्यावर घरची शिधापत्रिका दाबून ठेवते. तुझ्याकडे गाडी आहे, लायसन नाही. दोघी मिळून कशीबशी एक बाई होते.

गोजरबाईंना पुढून उठवायच्या नादी लागू नकोस, ते तुझ्याने होणार नाही. अगं, पुढे सीटा दोन असतात. त्यांच्या शेजारचा उठव.

मी येते शिकवायला. माझ्यावर उपकाराचा शिक्का मारू नकोस. त्या गाडीचं स्टिअरिंग एकदा हातात यावं म्हणून येते. अट एकच, पहिल्या दिवशी मी एकटी चालवणार आणि शेजारी कोणी बसून मला रस्ता दाखवणार नाही. भीमराजना सांग, तुमच्या बायकोच्या बहिणीला हवापालट हवा आहे. तू तोवर लर्निंग लायसन काढून ठेव.

येईपर्यंत लोभ तसाच, आंबट.

तुझी आक्का,
मिना


आखाडा बाळापूर
दि. ९ जानेवारी २०२५

आदरणीय आक्कास सप्रेम जयभीम.

तू गेल्यापासून घर शांत आहे आणि गाडी रुसलेली आहे. तू पहिल्या दिवशी तिला घेऊन गेलीस ती किती वेळ आलीच नाहीस. मी गेटात उभी. हे म्हणत होते, पेट्रोल संपलं असेल. आत्याबाई म्हणत होत्या, औंढ्याला घेऊन गेली असेल, तिचा जीव होता तिच्यावर. आलीस तर काय, गाडी नुसती गुणगुणत आली. माझ्या हातात दिली की खोकते आणि बंद पडते. जनावराला पहिला मालक ओळखू येतो असं ऐकलं होतं, गाडीला पहिल्या मालकिणीची शेजारीण ओळखू येते हे नवीन.

बाजाराच्या रिकाम्या मैदानावर तू माझ्यावर ओरडत होतीस तो आवाज तुझा नव्हता. क्लच हळू सोड, चिखलातून पाय काढतेस तसा सोड, असं तू म्हणालीस तेव्हा मला खरंच वाटलं आबा बसलेत. मला रडू आलं म्हणून गाडी पालांच्या बांबूंवर गेली. तू समजलीस मला ब्रेक सापडत नाही. ब्रेक सापडला होता.

तू आत्याबाईंना दवाखान्यात नेऊन आणलंस ते फार महाग पडून राहिलंय. आता रोज म्हणतात, मिना चालवती तर पोटातलं पाणी हलत न्हाई. ह्यांनी जरा जोरात वळवली की लगेच, मिनाकडून शिकून घे. हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मी पण बोलले नाही, कारण इतक्या वर्षांत आत्याबाईंनी माझं नाव असं कशाला घेतलेलं नाही. गाडी माझी आणि कौतुक तुझं, हे कसं काय जमवतेस गं?

आणि एक विचारायचं राहिलं. तू मला चार दिवस शिकवलंस. ढाबा समोरच होता. एकदा पण डॅशबोर्डवर चहाचा कप ठेवला नाहीस. काहून? मी अजून लहान आहे का?

लोभ असावा, आणि बराबर वाटलेला असावा.

शीतल


औंढा नागनाथ
दि. १८ जानेवारी २०२५

चि. शीतल, जयभीम.

कप ठेवला नाही कारण तुझ्या डॅशबोर्डला उतार आहे. जीपचा सपाट होता. बस.

तुझा नंबर अनब्लॉक केला आहे, पण पत्राची सवय लागली. फोनवर तू मध्येच बोलतेस.

इथे नवी बातमी अशी की बसस्टँडमागे एकजण लाल गाडी विकून राहिला आहे. तुझ्या दाजींच्या फेऱ्या सुरू झाल्या. या वेळी मी तुला तिचं मॉडेल, रंग, नंबर काही कळवणार नाही. लाल हे सुद्धा चुकून लिहिलं.

परीक्षा पास हो. झालीस की मला घ्यायला ये, मग दोघी नाक्याला जाऊ, मायला हिंगोलीला डोळे दाखवायला न्यायचंय. तू चालव. मी पुढे बसणार, हे आत्ताच लिहून ठेवते. शिकवणाऱ्याचा एवढा हक्क असतो. गोजरबाईंना त्या दिवशी घरी ताप येऊ दे.

लोभ आहे. कपाचं परत विचारू नकोस.

आक्का


औंढा नागनाथ
दि. १० मार्च २०२५

चि. सौ. शीतलला आक्काचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तू म्हणशील, काल दिवसभर सोबत होतो आणि आज पत्र कशाचं. पण काल तू चालवत होतीस. तुझं लक्ष रस्त्यावर होतं, असायलाच पाहिजे. गाडीत काय काय झालं ते तुला कोणीतरी कळवायला हवं.

औंढ्यापासून नाक्यापर्यंत मी पुढे होते, तोवर सगळं ठीक. तू आत मायची पिशवी आणायला गेलीस आणि मी पाय मोकळे करायला उतरले. वळून बघते तर माय माझ्या सीटवर. पट्टा ओढून राहिली होती, पदर खोचल्यासारखा. मी म्हटलं, माय, मी शिकवलंय तिला, ती जागा माझी आहे. तिने मान पण वळवली नाही. म्हणाली, तुझ्या बापाच्या जीपमध्ये पुढची सीट पैसेवाल्या पाशिंजरची होती. मी मालकीण, तर मी जन्मभर मागं, लोकांच्या शेळ्यांसंगं. तुला त्यानं पुढं बसवून चालवायला शिकवलं, तवा मी पण मागंच होते. दोन पोरी आपसात जळतात हे मला माहीत हाय, पण माझ्याकडं कधी कोणी बघितलं का?

मी मागे बसले, मायच्या हळदीच्या पोत्याशेजारी. तेव्हा तू आलीस आणि विचारलंस की आक्का आज गप्प का. मी म्हटलं, हळद डोळ्यात गेली.

मग तो ढाबा आला. आबांच्या चहाचाच. मायने गाडी थांबवायला लावून चहा मागवला, इथपर्यंत तुला माहीत आहे. ढाबेवाल्याने मुंजाजीची बायको म्हणून ओळखून कपबशी गाडीत नेऊ दिली, परत येताना द्या म्हणाला, ते पण तू ऐकलंस. तू गाडी सुरू केलीस. मी मागून मनातल्या मनात म्हटलं, आता सांडणार. खोटं कशाला लिहू, थोडं वाटत पण होतं सांडावा. तू खड्डा चुकवलास, मग ट्रकला बाजू दिलीस, गिअर बदलला. पुलाचं वळण लागलं. तिथे मायने काय केलं ते तुला दिसलं नसेल. तिने एका हातात बशी धरली आणि चालत्या गाडीत कपातला चहा बशीत ओतला. वर फुंकर मारली. आणि भुरका मारून प्याली. पदर कोरडा.

शीतल, आबा माझ्या शेजारी कधी बशीत ओतून प्याले नाहीत. डॅशबोर्डवरचा कप गाडी हलली की उचलून दोन्ही हातांनी आवळून धरायचे आणि गरमच घोट घेऊन टाकायचे, तोंड भाजायचं. शर्टावर डाग पडला नाही तो त्यामुळे.

काल मी मागे बसून इतकी जळले की शेवटी हसूच आलं. तू आरशातून बघितलंस. तेव्हा कारण सांगितलं नाही, ते हे.

तुझे दाजी लाल गाडी अजून बघून राहिलेत. बघू दे.

लोभ आता आंबट नाही, थोडा हळदीचा झालाय. पुढच्या खेपेला त्या ढाब्यावरून एक कपबशी मागच्या सीटला पण घे.

तुझी आक्का,
मिना