भुरी म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं

यवतमाळ
१२ जानेवारी, सोमवार

प्रिय भुरी,

माफ कर. अकरा महिन्यांत तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. डायरी रोज लिहिते. सिलिंडर आलं, नळ तीन दिवसांनी आला, सगळं तिच्यात आहे. तू नाहीस. तुझं नाव लिहायला घेतलं की हात दुसऱ्याच वाक्याकडे वळतो.

आज लिहायलाच हवं. परवा संध्याकाळी तुझे विनायकराव तुझा फोटो दाखवायला आले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध, म्हणून मीच पाठवलेला, त्यांनी फ्रेम करून आणलेला. कागद सोडला आणि तू मला ओळखूच आली नाहीस! केस काळेभोर. मी लगेच स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "मॅडम, लय भुरे दिसून राह्यले होते केस, म्हणून म्या काळे करून देल्ले. चांगले नाही दिसत का?"

विनायकराव म्हणाले, "अशीच तर दिसायची ती. ते भुरे केस औषधांनी झाले होते, ताई. कशाला आठवायचं ते?"

आणि मी गप्प बसले.

अठरा वर्षं त्यांनी तुझे केस काळेच पाहिले. तू दर महिन्याला रंग लावायचीस, तो पांढरे लपवायला, असं त्यांना वाटायचं. तू सांगितलं नाहीस. मी का नाही सांगितलं?

कारण पहिला रंग मी लावला. ते तुला पाहायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी. आई म्हणाली, "हिचे केस काळे कर वं तू. भुरी पोट्टी पाहून लोकं मांगं फिरतीन." कळंबच्या बाजारातून पाकीट मीच आणलं. मागच्या अंगणात तू गुडघे जवळ घेऊन बसलीस, गळ्याभोवती जुना टॉवेल, आणि मी दात घासायच्या ब्रशने बट बट काळी करत गेले. तू एवढंच म्हणालीस, "कानाले लागून राह्यलं, ताये." मग आरशात पाहून म्हणालीस, "तुह्यासारखी दिसून राह्यली मी."

त्या दिवशीची डायरी काल काढली. लिहिलंय, 'भुरीला काळे केस शोभतात.' खरंच मला तसं वाटलं होतं का? की मी ते आईसाठी लिहिलं? आणि तू जे म्हणालीस ते कौतुक होतं, की तक्रार? विचारायचं राहिलं.

नंतर मात्र तूच मला चिडवायचीस, "ताये, तुहे केस जन्माचे काळे, तरी तुले कोणी नेलं नाही. मले उगाच रंगवलं!" आणि दोघी हसायचो.

तू सहावीत होतीस, आठवतं? मुलींनी 'भुरी मांजर' म्हटलं म्हणून रडत घरी आलीस. मी नुकतीच अकरावीला यवतमाळला जाऊ लागले होते, म्हणजे घरातली विद्वान! तू विचारलंस, "भुरी म्हंजे काय वं? वाईट अस्ते का?" मी म्हटलं, "पुस्तकात पाहून सांगते."

कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागून मला वीस वर्षं झाली, भुरी. शब्दकोशांचं कपाट माझ्या खुर्चीच्या मागे आहे. आज पहिल्यांदा उघडून पाहिलं.

ऐक. भुरा म्हणजे फिकट तपकिरी, मातीच्या रंगाकडे झुकणारा. हिंदीतला भूरा तोच. तो मुळात कुठून आला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. कोणी त्याचं नातं संस्कृतातल्या बभ्रूशी लावतात. ते चुकीचंही असेल. पण बभ्रू म्हणजेही तपकिरी, तांबूस. मुंगसालासुद्धा बभ्रू म्हणत. शिवी कुठेच नाही गं! आणि बाबा दर सोमवारी अभिषेकाला जे म्हणायचे, त्यात देवाचा रंग सांगताना हाच बभ्रू येतो. त्याला लागून पुढचा शब्द सुमंगल. दर सोमवारी आपण दोघी ते ऐकत जेवणाची वाट पाहत होतो!

गेल्या संक्रांतीला तू माझ्याकडे होतीस. औषधं थांबली होती, केस बोटभर आले होते. गच्चीत उन्हात बसून तू ओरडलीस, "ताये, हे पाह्य! भुरेच आले! इतक्या वर्षांनं त्याइले माहा पत्ता सापडला!" मग म्हणालीस, "काढ फोटो. भिंतीवर लावाचा तं हाच लावजो." मी फोटो काढला, पण रागावले. आणि वर काय म्हणाले? "बरी हो आधी, मग लावू पुन्हा काळा रंग."

तू एवढ्या उन्हात लोकरीची टोपी घातलीस.

ती टोपी रोज दिसते मला.

परवा संक्रांत आहे. तीळ आणलेले नाहीत. ग्रंथालयात मी मॅडम, शेजाऱ्यांची काकू. 'ताये' म्हणणारं कोणी उरलं नाही. आणि सासरी तू वैशाली. आई गेल्यावर तुला भुरी म्हणणारी मी एकटीच. म्हणजे अकरा महिन्यांत ते नाव कुणाच्या तोंडून निघालंच नव्हतं. काल या खोलीत मोठ्याने एकदा म्हणून पाहिलं. कुणी 'काय वं' म्हटलं नाही.

वर्षश्राद्धाला भिंतीवर तू सांगितलेलाच फोटो असेल. आणि विनायकरावांना मी सांगेन, की ते केस औषधांनी झालेले नव्हते, जन्माचे होते, आणि काळे केले ते मी. रागावले तर रागावू देत. एवढं तरी मी तुझ्यासाठी करेन.

तुझी
ताई

आज स्टुडिओ बंद होता. उद्या: दहा वाजता जाऊन माझ्या फोनमधला मूळ फोटो देणे, केसांना हात लावू नका असं सांगून.